खूणगाठीतला सातवा नियम

बसलिंगाप्पांचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात गेलं. त्यांचा स्वभाव तसा नव्हता, कामच तसं होतं. कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या मागच्या बोळात बाळासोंचा छापखाना आहे. तिथं ते छत्तीस वर्षं मुद्रितशोधक होते. लग्नपत्रिका, शाळांच्या स्मरणिका, दूध संस्थांचे अहवाल, कुणाच्या तरी साठीनिमित्तचा गौरव अंक, जे काही त्या छापखान्यातून बाहेर पडायचं ते आधी त्यांच्या तांबड्या पेनाखालून जायचं. मूळचे ते नेसरीचे. लहानपणी घरात आईशी कानडी, वडिलांशी मराठी. छापखान्यात सगळे म्हणायचे, बसाप्पाला चुकलेली वेलांटी दिसत नाही, ऐकू येते.

त्यांची एक सवय होती. छापखान्यात कॉम्प्युटर आले, घराघरात मोबाइल आले, तरी ते वाचायचे कागदावरच. पडद्यावर कुणी काही दाखवायला लागलं की चष्मा काढून ठेवायचे आणि म्हणायचे, "छापून आणा. काचेवरचं अक्षर हलतंय, कागदावरचं ठरतंय."

मुद्रितशोधनाच्या सगळ्या खुणांत त्यांची लाडकी खूण एकच. एखादा शब्द खोडला आणि मग वाटलं, नाही, होता तेच बरं होतं, तर त्या शब्दाखाली टिंबं द्यायची आणि समासात लिहायचं, ‘असू दे’. जुळारी, म्हणजे अक्षरं जुळवणारा, ते बघून खोडलेला शब्द तसाच ठेवायचा. खोडणारा माणूसही चुकतो, ही कबुली त्या एका खुणेत असते, असं ते म्हणायचे.

त्यांची एकुलती एक मुलगी शांभवी. लहानपणी ती शाळा सुटल्यावर छापखान्यात येऊन त्यांच्या टेबलाखाली बसायची, त्यामुळे अक्षरांआधी तिला या खुणाच कळल्या. सहा वर्षांची असताना तिच्या अव्वानं, म्हणजे आईनं, अक्काताईंनी, तिचा फाटका झगा बोहारणीसाठी बाजूला काढून ठेवला. संध्याकाळी बघतात तर झग्याच्या खाली चिंचोक्यांची एक ओळ मांडलेली.

"हे काय गं?" अक्काताईंनी विचारलं.

"असू दे," पोरगी म्हणाली.

तो झगा पुढं कित्येक वर्षं ट्रंकेत होता.

शांभवी शिकली, कॉम्प्युटर इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली. एका दिवाळीला घरी आली तेव्हा बसलिंगाप्पा निवृत्त झालेले होते, पण बाळासो त्यांना काम सोडू देत नव्हते. लक्षतीर्थ वसाहतीतल्या त्यांच्या दोन खोल्यांत छापखान्याचा एक जुना कॉम्प्युटर आणि प्रिंटर आणून ठेवला होता. त्या वेळी मुरगूडच्या एका शाळेची स्मरणिका चालू होती. बत्तीस लेख बत्तीस तऱ्हांनी आलेले. कुणी कुठल्या फॉन्टमध्ये, कुणी कुठल्या. एका मशीनवरचा लेख दुसऱ्यावर उघडला की ‘श्री’च्या जागी चौकटी आणि ‘ज्ञ’च्या जागी रुपयाचं चिन्ह. बसलिंगाप्पा बिचारे एका बोटानं सगळं नव्यानं टाइप करत बसले होते.

शांभवीनं दोन दिवस बघितलं. तिसऱ्या दिवशी खुर्ची ओढून शेजारी बसली.

"अप्पा, ह्या भानगडीतनं सुटायचं असंल तर साधा मजकूर पायजे."

"साधा म्हंजे?"

"नुसती अक्षरं. त्यात जाड न्हाय, बारीक न्हाय, फॉन्ट न्हाय. आणि पन्नास वर्षांनी कुठल्याबी मशीनवर उघडंल."

"आणि मथळा कुठला, मजकूर कुठला, हे कसं कळायचं?"

"खुणा करायच्या. तुमी कागदावर करता तशाच. फक्त शाईच्या न्हाईत, टायपाच्या. त्या खुणा वाचून पान लावायचा प्रोग्राम मी लिवतो."

तिथून त्या बाप-लेकीचा खेळ सुरू झाला. दिवाळी संपली, ती पुण्याला गेली, पण दर रविवारी सकाळी फोनवर तासभर याच गप्पा. अक्काताई भाकऱ्या थापता थापता म्हणायच्या, "बाप-लेक बोलाय लागली की टिंब, रेघ, टिंब, रेघ. तारमास्तर झाल्यात दोघं!"

पहिल्याच प्रयोगाला गंमत झाली. ओळीच्या शेवटी कोलन आला की ती ओळ मथळा समजायची, असं शांभवीनं ठरवलं होतं. पण आपल्याकडं लोक विसर्गाच्या जागी सर्रास कोलन मारतात. मुरगूडच्या हेडमास्तरांच्या मनोगतात एक ओळ ‘मी स्वत:’ अशी संपत होती. पान छापून आलं तर मधोमध, बोटभर उंच अक्षरात, ‘मी स्वत’.

बाळासो पोट धरून हसले. "बसाप्पाकाका, बदलू नका हे. त्या हेडमास्तरला दाखवा, म्हणंल, पहिल्यांदा कुणीतरी माझं मन वळखलं."

मग कोलन गेला. दोन उभ्या रेघा घ्याव्यात तर प्रत्येक पत्रिकेच्या माथ्यावर ‘श्री’च्या दोन्ही अंगांना त्याच असतात. फुली घ्यावी तर अहवालवाले तळटिपेला फुली वापरतात. एक आडवी रेघ घ्यावी तर ‘आई-वडील’ तुटतात. असं करत करत दोघांनी ठरवलं, प्रत्येक खूण दुहेरी हवी आणि दोन्ही बाजूंनी हवी. मथळ्याच्या अलीकडं-पलीकडं दोन-दोन बरोबरची चिन्हं. खोडायच्या मजकुराच्या अलीकडं-पलीकडं दोन-दोन आडव्या रेघा, म्हणजे छापताना प्रोग्राम तो वगळेल. आणि ‘असू दे’ला दोन-दोन टिंबं.

"टिंबांचा घोटाळा हुईल," बसलिंगाप्पा म्हणाले. "लोक उगंचच दोन टिंबं देत्यात. ‘बरं, येतो’ म्हणून पुढं दोन टिंबं."

"मग वो?"

"उघडणारी खूण पुढच्या शब्दाला चिकटून पायजे, बंद होणारी मागच्या शब्दाला. नुसतीच बंद होणारी आली आणि उघडलेलीच नसली, तर ती खूण न्हाय. ती आळसाची टिंबं."

फोनवर शांभवी टाळ्या वाजवायला लागली. "अप्पा, आमच्या कंपनीत या तुमी!"

तिनं या पद्धतीला नाव दिलं ‘खूणगाठ’. बसलिंगाप्पांनी एका दोनशे पानी वहीत सुवाच्य अक्षरात नियम लिहायला घेतले. पहिला नियम त्यांचा: एक खूण, एक अर्थ. सहावा शांभवीचा: जी खूण शेवटी उघडली ती आधी बंद व्हावी. आणि सातव्यावर दोघांचं बिनसलं.

"समजा," शांभवी म्हणाली, "एक शब्द खोडलाय आणि त्यालाच ‘असू दे’पण दिलंय. मग ठेवायचा का काढायचा?"

"कागदावर हा प्रश्नच येत न्हाय. टिंबं नंतर दिलेली असत्यात. नंतरचं खरं."

"साध्या मजकुरात आधी-नंतर कळत न्हाय, अप्पा. फक्त आत-बाहेर कळतंय."

त्यावर बसलिंगाप्पांनी आठवडाभर विचार केला. पुढच्या रविवारी फोन लागल्या लागल्या म्हणाले, "बाहेरची खूण नंतर घातली असं धरायचं. बाहेर टिंबं असली तर शब्द राहिला. बाहेर रेघा असल्या तर शब्द गेला. सगळ्या खुणांना हाच नियम."

"मला न्हाय पटत. टिंबं आत असूंदेत न्हायतर बाहेर, शब्द राहिलाच पायजे. कुणीतरी ‘ठेवा’ म्हटलंय, तर ठेवायचं की!"

"आणि बाकीच्या खुणांना एक नियम, टिंबांना दुसरा? एकाला सूट दिली की पद्धत राहत न्हाय, शांभवी. मग ती मर्जी हुती."

"तुमी लई कडक हाय बघा, अप्पा."

"नियम म्हंजे नियम."

शेवटी ती म्हणाली, "लिवा तसं." बसलिंगाप्पांनी वहीत लिहिलं: सात, बाहेरची खूण आतल्या खुणेवर चालते. तिनं प्रोग्राममध्येही तसंच घातलं. स्मरणिका झाली, चांगली झाली. बाळासोंच्या छापखान्यात पुढं तीन-चार वर्षं खूणगाठीवर कामं निघाली.

शांभवीचं लग्न झालं. स्थळ चांगलं होतं, आपल्यातलंच होतं, मुलगा सोमेश हैदराबादला मोठ्या नोकरीत. ती तिकडं गेली आणि रविवारचा तास बंद पडला, कारण त्या घरात रविवारी माणसांची ये-जा फार. त्याऐवजी ती आठ-पंधरा दिवसांनी एक पत्र पाठवायची. खूणगाठीतच लिहिलेलं. "तुमच्या प्रिंटरला काम," म्हणायची. फाइल आली की बसलिंगाप्पा ती न उघडताच प्रोग्रामला द्यायचे, पान छापून बाहेर यायचं, आणि मग ते खुर्चीत बसून अक्काताईंना मोठ्यानं वाचून दाखवायचे. अक्काताईंचं शिक्षण दुसरीपर्यंतचं.

पत्रं हसरी असायची. गच्चीवरची कबुतरं, चौथ्या मजल्याचा जिना, तिकडं ज्वारीची भाकरी कुणी खात नाही त्याची तक्रार. एका पत्रात होतं की नोकरी सोडली, घरात गरज असते.

अक्काताईंनी भाकरीचं पीठ मळायचं थांबवलं. "अवो, तिचं काय तरी बिनसलंय."

"कुठं? बघ की, सगळं बरं लिवलंय."

"फोनवर ‘बरं हाय’ म्हणती, पण ‘बरं’ म्हणायच्या आधी थांबती. तुमी तिला म्हणा, चार महिने ये म्हणून. मी म्हटलं तर म्हणंल, अव्वाला सवयच हाय."

"ती म्हणल्याशिवाय मी कसं म्हणू? चाललेल्या संसारात आपण बोट घालायचं? तिला यायचं असलं तर ती विचारंल. आपली पोरगी हाय, लिवंल."

"सगळं कुठं लिवतंय माणूस!"

"आपली लिवती," बसलिंगाप्पा म्हणाले. आणि त्या दिवसापासून, तोंडानं कबूल केलं नाही तरी, प्रत्येक पत्रात ते तेवढी एक ओळ शोधू लागले. ती ओळ आली असती तर ते त्याच रात्रीच्या गाडीनं निघाले असते. पिशवीत घालायचे दोन जोड कपडे अक्काताईंनी वेगळे काढून ठेवलेच होते.

फेब्रुवारीतल्या एका पत्रात ती ओळ नव्हती. उलट ते पत्र नेहमीपेक्षा घाईत लिहिलेलं होतं. ‘नवीन’चा ‘वि’ ऱ्हस्व, ‘आशीर्वाद’चा ‘शि’ ऱ्हस्व, ‘स्वतः’ला पुन्हा कोलन. आपल्याकडच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात, तसं तिनं लिहिताना ‘मी दवाखान्यात गेलो’ लिहिलेलं. बसलिंगाप्पांना मनातून हसू आलं. जुन्या दिवसांची गंमत करावी म्हणून त्यांनी तांबडं पेन घेतलं आणि त्या पानाचं चक्क मुद्रितशोधन केलं. सहा चुका काढल्या. ‘गेलो’चं ‘गेले’ केलं. खाली, छापखान्यात लिहायचे तसं, लिहिलं, ‘बाकी मजकूर ठीक.’ आणि फोटो काढून तिला पाठवला.

"दवाखान्यात कशाला गेलती?" अक्काताईंनी विचारलं.

"पाय मुरगळलाय म्हणं जिन्यात."

फोटोला उत्तर आलं नाही. तीन आठवडे पत्र आलं नाही. मग एक आलं, चार ओळींचं, एकही चूक नसलेलं. त्यानंतर पत्रं थांबली. फोन यायचा, तोही अव्वाला. "अप्पा बरे हायत न्हवं?" एवढं विचारून ठेवायची.

दोन-अडीच वर्षं अशीच गेली आणि एका दुपारी तिनं सरळ बसलिंगाप्पांनाच फोन केला. "अप्पा, सांगायचं हुतं. मी त्या घरातनं निघालो. दीड वर्षं झालं. बंगळुरात असतो. नोकरी हाय, खोली हाय. काळजी करू नका."

त्यांना खुर्ची सापडेना. "अगं, मग घरी का आली न्हाईस?"

 ती म्हणाली, "विचारलं हुतं की, अप्पा." आणि कुणीतरी हाक मारल्याचं सांगून तिनं फोन ठेवला.

बसलिंगाप्पांना वाटलं, अव्वाला विचारलं असेल. त्यांनी अक्काताईंना विचारलं. त्या उसळल्याच. "मला कुठं विचारलं? मला विचारलं असतं तर मी चालत गेलो असतो हैदराबादला! तुमाला विचारलं असंल. तुमीच काय तरी तोडून बोलला असशीला, नियम म्हंजे नियम म्हणून."

"मला न्हाय विचारलं, अक्काताई."

"पोरगी खोटं बोलाय न्हाय कधी."

बसलिंगाप्पांनी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेतलं. "ह्या लिंगाची शपथ. तिनं मला एका शब्दानं विचारलेलं न्हाय."

 अक्काताईंनी शांभवीला विचारून बघितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे अव्वा, झालं ते झालं." ते ऐकून त्यांनी नवऱ्याकडं ज्या नजरेनं बघितलं ती नजर पुढं कधी पूर्ण गेली नाही. बसलिंगाप्पांनी लेकीला विचारायला हवं होतं, कधी विचारलंस, कसं विचारलंस. ते त्यांना झालं नाही. तिनंच विषय काढावा म्हणून ते वाट बघत राहिले. वर्षभरानं अक्काताई काविळीनं गेल्या. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना समाधीत बसवताना शांभवी मूठभर माती हातात धरून कितीतरी वेळ उभी होती. ती तीन दिवस राहिली, पण पावण्यासारखी. पाण्याचा तांब्या कुठं असतो, तेही विचारून घेत होती.

गेल्या वर्षी बसलिंगाप्पांचा कॉम्प्युटर बंद पडला. वय झालं होतं त्याचं. बाळासोंनी छापखान्यातला दुसरा आणून दिला, जुन्यातलं सगळं त्यात भरून दिलं. बसलिंगाप्पांना एकच काम होतं. शांभवीची पत्रं पुन्हा छापून, एकत्र शिवून ठेवायची होती, कारण जुन्या प्रिंटरची शाई पुसट होत चालली होती.

बाळासोंनी खटपट करून बघितली. "बसाप्पाकाका, तिचा प्रोग्राम ह्या मशीनवर चालत न्हाय. जुना झाला. पण फायली बघा की, सगळ्या उघडत्यात! एक अक्षर हाललेलं न्हाय. पोरगी म्हणायची तसंच."

"मग छापून द्या."

"प्रिंटर जोडायला उद्या माणूस पाठवतो. आज वाचा की पडद्यावर. एक दिवस डोळ्यानं काय मरत न्हाय तुमच्या." आणि हसत हसत ते गेले.

दुपारची वेळ होती. बसलिंगाप्पांनी चष्मा पुसला आणि लेकीची पत्रं पहिल्यांदाच काचेवर वाचायला घेतली. पहिल्याच पत्रात ते दचकले. छापलेल्या पानात कधी नव्हतंच असं काहीतरी तिथं होतं. ‘--सासूबाई घोरतात, घंटागाडी आल्यासारखी वाटते--’. ते एकटेच मोठ्यानं हसले. तिनं लिहून खोडलेलं सगळं तिथं तसंच होतं, दोन्हीकडच्या रेघांसकट. प्रोग्रामनं ते नियमाप्रमाणं वगळलं होतं. ‘--इथल्या आमटीला तोंड नाही--’. ‘--अव्वाला सांगू नका, मी तिचं जुनं लुगडं उशाला घेते--’. ते एकामागून एक पत्र उघडत गेले. हळूहळू हसू येईना. ‘--नोकरी मी सोडली नाही, सोडायला लावली--’. ‘--आज दिवसभर कुणी बोललं नाही--’. माउस सोडून ते कळ दाबत खाली सरकू लागले.

मग ते फेब्रुवारीचं पत्र आलं.

‘मी दवाखान्यात गेलो. जिन्यात पाय मुरगळला.’ त्याच्यापुढं, ‘--मुरगळला नाही--’. आणि त्याखाली एकटी, स्वतंत्र ओळ:

--..अप्पा, मी घरी परत येऊ का..--

बसलिंगाप्पांनी ती ओळ किती वेळा वाचली याला गणती नाही. तिनं विचारलं होतं. धीर झाला नाही म्हणून खोडलं होतं. आणि मग पुन्हा धीर करून खोडलेल्याला टिंबं दिली होती. पण टिंबं आत होती आणि रेघा बाहेर. बाहेरची खूण आतल्या खुणेवर चालते. प्रोग्रामनं काही चूक केली नव्हती.

त्यांनी कपाटातून त्या पत्राची छापलेली प्रत काढली, तांबड्या पेनाच्या सहा दुरुस्त्या असलेली. ‘जिन्यात पाय मुरगळला.’ आणि लगेच पुढचा परिच्छेद, कबुतरांचा. मध्ये कुठं जागा सुटलेली नव्हती, ओळ सरकलेली नव्हती. सुबक पान होतं. ज्याला वेलांटी ऐकू येते त्या माणसाला तिथं काही ऐकू आलं नव्हतं. ‘गेलो’चं ‘गेले’ केलेलं मात्र ठळक दिसत होतं. खाली ‘बाकी मजकूर ठीक.’ त्यांचंच अक्षर.

त्यांना अक्काताईंची ती नजर आठवली. तळहातावरचं लिंग आठवलं. शपथ घेताना ते खोटं बोलले नव्हते. आणि तिनं विचारलेलं होतं.

त्यांनी फोन लावला. दुपारी फोन कधी करत नसत, त्यामुळे शांभवीनं घाबरूनच उचलला.

"काय झालं, अप्पा? बरं वाटत न्हाय काय?"

"शांभवी. फेब्रुवारीचं पत्र. आज वाचलं मी."

"कुठल्या फेब्रुवारीचं?"

त्यांना ती ओळ मोठ्यानं वाचता येईना. "टिंबं आत घातलीस, बाळ," एवढंच ते म्हणाले. "रेघा बाहेर राहिल्या. छापलंच न्हाय ते."

बंगळुरातल्या रस्त्यावरची वाहनं फोनमधून ऐकू येत राहिली. मग तिचा आवाज आला, अगदी हळू.

"म्हंजे तुमी वाचलंच नव्हतं?"

"न्हाय गं."

"मला वाटलं, वाचून तुमी... ‘बाकी मजकूर ठीक’ लिवलं हुतं की, अप्पा, त्याच्या खाली."

"मला दिसलं न्हाय."

"बाकीचं सगळं मी तुमाला दिसू नये म्हणूनच खोडत हुतो. ती एकच ओळ ठेवली हुती. टिंबं शब्दाला लागून दिली, तुमी कागदावर देता तशी. सातवा नियम मीच बसवला हुता प्रोग्राममध्ये, पण त्या वेळेला नियम आठवला न्हाय बघा. तुमचा कागद आठवला."

बसलिंगाप्पांनी टेबलाची कड धरली. "तूच बरोबर हुतीस. ‘ठेवा’ म्हटलं की ठेवायला पायजे हुतं."

त्यांनी छापलेलं पान पालथं घातलं.

"अव्वाला वाटायचं, मी तोडून बोललो तुला. तशीच गेली ती."

"मलाबी तसंच वाटायचं, अप्पा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर त्यांना बरं वाटलं असतं.

"आता ये. कायमची ये. घर हाय, तुझी कॉट हाय. मी न्यायला येतो."

"आता कशी येऊ, अप्पा?" ती जराशी हसल्यासारखी वाटली. "त्या वेळेला यायचं हुतं. एक पिशवी भरून दाराशी ठेवली हुती. तुमचा फोटो आला आणि परत कपडे कपाटात लावले. नंतर ज्या दिवशी निघालो, तवर घराशिवाय राहायची सवय झाली हुती. आता माझं इथंच हाय सगळं."

"शांभवी..."

"असू दे, अप्पा."

फोन बंद झाला. बसलिंगाप्पा तो कानाला तसाच लावून उभे राहिले. ‘असू दे.’ छत्तीस वर्षं त्यांनी समासात लिहिलेले दोन शब्द. खोडलंय, पण ठेवा. का, सोडा आता, त्यात काही राहिलं नाही? एक खूण, एक अर्थ, हा नियम त्यांनीच लिहिला होता, आणि लेकीनं यातला कुठला अर्थ धरला होता हे त्यांना काही केल्या कळेना. पुन्हा फोन करून विचारावं, असं मनात आलं. बोट बटणापर्यंत गेलं आणि माघारी आलं. थोड्या वेळानं पुन्हा गेलं. या वेळी त्यांनी बटण दाबलं. घंटी वाजत राहिली, वाजून वाजून थांबली.

मग ते टेबलापाशी बसले. छापलेलं ते पान समोर ओढलं. ‘मुरगळला’ आणि कबुतरं यांच्या मध्ये, जिथं ओळ हवी होती तिथं, मजकूर राहून गेल्याची, हंसपदाची खूण केली, आणि समासात आपल्या अक्षरात ती ओळ लिहिली. अप्पा, मी घरी परत येऊ का. ‘गेले’ खोडून पुन्हा ‘गेलो’ केलं. शेवटी पेन पानाच्या तळाशी नेलं आणि ‘बाकी मजकूर ठीक’वर एक सरळ तांबडी रेघ मारली.

त्या शब्दांखाली त्यांनी टिंबं दिली नाहीत.